प्रोटॉन नेमका बसलाय कुठे? वाचकांचे प्रश्न आणि बायफ्लोराइडची भानगड

मागच्या अंकात पाण्यावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की सगळ्यात तगडा हायड्रोजन बाँड (एका अणूला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या दुसऱ्या अणूलाही धरतो तो) पाण्यात नाहीच, तो बायफ्लोराइड नावाच्या आयनमध्ये (विद्युतभार असलेल्या कणात) आहे, दोन बाजूंना दोन फ्लोरिन आणि मधोमध एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, आणि हे एनएमआरवर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स, त्याबद्दल खाली) चक्क दिसतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापलीत, राग मानू नका.

प्रश्न (बीएस्सी दुसरं वर्ष, सांगली): ताई, आमच्या पुस्तकात हायड्रोजन बाँड म्हणजे कमजोर, कोव्हॅलंट (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेल्या) बाँडच्या दहाव्या भागाएवढा वगैरे असं दिलंय. मग बायफ्लोराइडमधला एवढा तगडा कसा? आणि एवढा तगडा असेल तर त्याला हायड्रोजन बाँड म्हणायचं तरी कशाला?

पुस्तक बरोबर आहे, फक्त ते पाणी आणि अल्कोहोल डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. पाण्याच्या दोन रेणूंमधला एक हायड्रोजन बाँड तोडायला मोलमागे साधारण २० किलोज्यूल लागतात. बायफ्लोराइडचे एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) आणि फ्लोराइड (ऋणभारित फ्लोरिन) असे दोन तुकडे करायचे तर गॅसमधल्या मोजमापांत १६० पासून १९० किलोज्यूलपर्यंत आकडे आलेत, कुणी कुठल्या पद्धतीने मोजलं त्यावर ते बदलतात. आता गंमत बघा, फ्लोरिन वायूतला जो फ्लोरिन-फ्लोरिन बाँड आहे, ज्याला कुठलंही पुस्तक डोळे मिटून कोव्हॅलंट म्हणतं, तो तोडायला १५८ च लागतात! म्हणजे इथे "कमजोर" नावाचा बाँड "मजबूत" नावाच्या बाँडला मागे टाकतो.

लांबीतही तेच दिसतं. सुट्ट्या एचएफ रेणूत हायड्रोजन आणि फ्लोरिन ०.९२ अँग्स्ट्रॉमवर (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) असतात. पोटॅशियम बायफ्लोराइडच्या स्फटिकात दोन फ्लोरिनमधलं अंतर २.२८ अँग्स्ट्रॉमच्या आसपास भरतं आणि प्रोटॉन मधोमध, म्हणजे दोन्हीकडे १.१४. दोन फ्लोरिन नुसते एकमेकांना टेकले असते तर त्यांच्यात जवळपास २.९ अंतर राहिलं असतं, तेव्हा मधला एकटा प्रोटॉन त्यांना किती आत ओढून घेतो ते बघा. हे काही दुर्मिळ मीठ नाही बरं का. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये मॉइसाँने पहिल्यांदा फ्लोरिन वायू सुटा केला तेव्हा त्याने निर्जल एचएफमध्ये हेच पोटॅशियम बायफ्लोराइड विरघळवून त्यातून वीज सोडली होती, कारण नुसतं निर्जल एचएफ वीज धड वाहूनच नेत नाही.

नावाचं म्हणाल तर २०११ मध्ये आययूपीएसीने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) हायड्रोजन बाँडची व्याख्या नव्याने केली, त्या कामाच्या गटाचं नेतृत्व बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे ई. अरुणन यांच्याकडे होतं. त्या व्याख्येत अमुक एवढ्या किलोज्यूलच्या आत असेल तरच हायड्रोजन बाँड अशी पक्की रेघ मारलेली नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. २०२१ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या टोकमाकॉफच्या गटाने पाण्यातल्या बायफ्लोराइडवर इन्फ्रारेड लेझरने काम करून दाखवलं की दोन फ्लोरिन साधारण २.४ अँग्स्ट्रॉमच्या आत आले की हायड्रोजन बाँडचं वागणं हळूहळू सरळ केमिकल बाँडसारखं व्हायला लागतं. मला विचाराल तर परीक्षेत "सगळ्यात तगडा हायड्रोजन बाँड" लिहा आणि मनात मात्र "तीन अणूंमध्ये वाटून घेतलेला बाँड" असं धरून चला, दुसरं चित्र जास्त कामाला येतं.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी): एनएमआर म्हणजे काही फोटो काढायचं यंत्र नव्हे. मग प्रोटॉन मध्यभागी आहे हे त्यावर "दिसतं" असं आपण कशाच्या आधारावर लिहिलंत? जरा विस्ताराने सांगावे.

सर, फोटो नाहीच तो. एनएमआरमध्ये आपण प्रोटॉनला मोठ्या चुंबकात ठेवतो आणि रेडिओ लहरींनी विचारतो की बाबा तुझ्यापर्यंत नेमकं किती चुंबकीय क्षेत्र पोचतंय. प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन दाट असतील तर ते बाहेरचं क्षेत्र थोडं अडवतात, विरळ असतील तर जास्त क्षेत्र आत पोचतं, आणि त्याप्रमाणे सिग्नल सरकतो. या सरकण्याला केमिकल शिफ्ट म्हणतात आणि ती पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतात.

इथे एक आपल्या जवळची गोष्ट सांगते कारण ती या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्माधिकारी नव्हे, धर्मट्टी, आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा स्पेक्ट्रम घेतला आणि एका रेणूतल्या तीन प्रकारच्या हायड्रोजनचे तीन वेगळे सिग्नल दाखवले. हेच एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आले आणि तिथलं एनएमआरचं काम त्यांनी उभं केलं. त्याच वर्षी असं लक्षात आलं की तापमान बदललं की अल्कोहोलचा ओएचवाला सिग्नल जागा बदलतो, बाकीचे दोन मात्र तिथेच, आणि त्याचं कारण हायड्रोजन बाँड निघालं, गरम केलं की बाँड सुटतात आणि सिग्नल मागे येतो. म्हणजे एनएमआर पाळण्यात होतं तेव्हापासूनच ते हायड्रोजन बाँड ओळखतंय!

आता बायफ्लोराइड. सुट्ट्या एचएफ वायूत प्रोटॉनचा सिग्नल २ पीपीएमच्या आसपास येतो. बायफ्लोराइडमध्ये तोच जातो १६ च्याही पुढे. नेहमीच्या सेंद्रिय रेणूंचे प्रोटॉन साधारण ० ते १२ मध्ये आटपतात, तेव्हा १६ बघितल्यावर माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. दोन्ही बाजूंनी दोन फ्लोरिन इलेक्ट्रॉन ओढून बसलेत आणि मधला प्रोटॉन जवळपास उघडा पडलाय असा त्याचा ढोबळ अर्थ.

पण खरा मुद्दा शिफ्टमध्ये नाही, तो कपलिंगमध्ये, म्हणजे शेजारच्या केंद्रकामुळे सिग्नलच्या रेघा फुटण्यात आहे. फ्लोरिन-१९ हा फ्लोरिनचा निसर्गात सापडणारा एकमेव स्थिर प्रकार, त्याचा स्पिन (केंद्रकाचा छोट्या चुंबकासारखा गुण) अर्धा, अगदी प्रोटॉनसारखा. शेजारी असा एक स्पिन असला की प्रोटॉनच्या सिग्नलचे दोन तुकडे होतात, आणि अगदी सारखे दोन असले की तीन, १:२:१ अशा उंचीचे. बायफ्लोराइडचा प्रोटॉन नेमका असाच १:२:१ चा ट्रिपलेट देतो, आणि फ्लोरिनच्या बाजूने बघितलं तर डबलेट, म्हणजे दोन रेघा. कॅनडात एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात मार्टिन आणि फुजिवारा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरड्या, पाण्याचा लवलेश नसलेल्या सॉल्व्हंटमध्ये हे नीट मोजलं, रेघांमधलं अंतर (हाच कपलिंगचा आकडा) आलं १२० हर्ट्झच्या जवळ. सुट्ट्या एचएफमध्ये हाच आकडा ५३० च्या आसपास असतो. एवढा फरक पडायला प्रोटॉन आणि फ्लोरिनमधल्या बाँडचं स्वरूपच बदलावं लागतं, नुसता शेजार बदलून चालत नाही.

प्रश्न (पीएचडी करतोय, पुणे): पण १:२:१ ट्रिपलेटवरून "मधोमध" सिद्ध होत नाही ना! प्रोटॉन एका फ्लोरिनवरून दुसऱ्यावर भराभर उड्या मारत असेल तरी एनएमआरला सरासरीच दिसणार आणि ट्रिपलेटच येणार. हे तुम्ही वाचकांना सांगत नाही.

सांगते की, जागा मिळाली की सगळंच सांगते. तुमचा आक्षेप एकदम योग्य आहे. आठवड्यातले साडेतीन दिवस मुंबईत आणि साडेतीन दिवस पुण्यात राहणाऱ्या माणसाचा सरासरी पत्ता काढला तर तो लोणावळ्याच्या आसपास निघेल, आणि तो बिचारा तिथे कधी चिक्की घ्यायलाही उतरलेला नसेल. एनएमआर हे असं हळू चालणारं तंत्र आहे, प्रोटॉन सेकंदाला अब्जावधी वेळा इकडून तिकडे जात असेल तर ट्रिपलेट तसाच्या तसा येईल. म्हणून फक्त तीन रेघा मोजून थांबायचं नाही, आकडा बघायचा.

समजा प्रोटॉन खरंच उड्या मारतोय. मग कुठल्याही क्षणी तो एका फ्लोरिनला नीट चिकटलेला आणि दुसऱ्यापासून लांब असणार. चिकटलेल्या बाजूचं कपलिंग किती धरायचं? अगदी सुट्ट्या एचएफचं ५३० धरू नका, हायड्रोजन बाँडमध्ये ते थोडं उतरतं, ३५० ते ४३० धरा, हे आकडे कुठून आले ते खाली सांगते. लांबच्या बाजूचं कपलिंग अगदी किरकोळ. दोघांची सरासरी काढा, १७५ ते २१५ च्या घरात येते. आणि मिळतं किती, १२०. उड्या मारणाऱ्या प्रोटॉनच्या हिशोबात हा आकडा बसत नाही, पण बाँड ताणून १.१४ वर नेला की एका फ्लोरिनशी कपलिंग कसं खाली येतं त्या चित्रात तो आरामात बसतो. हा पुरावा गणिती सिद्धतेसारखा नाही हे मान्य, पण वजनदार आहे.

दुसरं म्हणजे एनएमआर एकटं पडलेलं नाही. घन पोटॅशियम बायफ्लोराइडवर एनएमआरनेच १९५३ मध्ये वॉ, हम्फ्री आणि योस्ट या कॅलटेकवाल्यांनी काम केलं होतं. घन पदार्थात स्पिन एकमेकांना थेट चुंबकासारखे जाणवतात आणि हा परिणाम अंतराच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात जातो, म्हणजे प्रोटॉन जरा जरी एका बाजूला सरकला तरी जवळच्या बाजूचा परिणाम लांबच्या बाजूने भरून निघत नाही आणि रेषेचा आकारच बिघडतो. उड्या मारल्याने हे लपत नाही, कारण या तिसऱ्या घाताच्या व्यस्त किमतींची सरासरी काढली की ती मधल्या जागेच्या किमतीएवढी येतच नाही. त्यांचा निष्कर्ष, प्रोटॉन मधोमध, चूक धरली तरी अँग्स्ट्रॉमच्या दहाव्या भागाच्या आत. त्याच्या आधीच्या वर्षी पीटरसन आणि लेव्ही यांनी न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनने (स्फटिकावर न्यूट्रॉन मारून अणूंच्या जागा काढायच्या पद्धतीने) हेच सांगितलं होतं. त्याच्याही आधी १९४९ मध्ये वेस्ट्रम आणि पिट्झर यांनी हे मीठ अतिथंड करून एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) मोजली. प्रोटॉन प्रत्येक आयनमध्ये डावीकडे की उजवीकडे असा मनमानी अडकला असता तर मोलमागे केल्विनमागे ५.७६ ज्यूल एवढी एन्ट्रॉपी शिल्लक राहायला हवी होती, ती राहिली नाही. मला हा प्रयोग सगळ्यात आवडतो, कारण त्यात स्पेक्ट्रम नाही, चुंबक नाही, फक्त उष्णता मोजून प्रोटॉनचा पत्ता काढलाय.

तिसरा पुरावा ड्यूटेरियमचा. प्रोटॉनच्या जागी ड्यूटेरॉन (जड हायड्रोजनचं केंद्रक) घातला की नेहमीच्या तगड्या पण एकीकडे झुकलेल्या हायड्रोजन बाँडमध्ये सिग्नल एका दिशेला सरकतो आणि बायफ्लोराइडमध्ये नेमका उलट्या दिशेला. जड ड्यूटेरॉन कमी पसरतो. बाँड एकीकडे झुकलेला असेल तर तो आपल्या फ्लोरिनच्या आणखी कुशीत जातो, मधोमध प्रोटॉनला बसायला कमी ऊर्जेचा एकच खड्डा असेल तर तो खड्ड्याच्या तळाशी बसतो आणि दोन्ही फ्लोरिनना आणखी आत ओढतो. सरकण्याची नुसती दिशा बघून खड्डा एक की दोन हे कळतं, आणि हे १९७० च्या दशकातच कळलं होतं.

आणि हो, "नेहमीच मधोमध" असंही म्हणू नका. पॅराटोल्युइडिनच्या बायफ्लोराइड मिठात न्यूट्रॉनने बघितलं तर प्रोटॉन एका फ्लोरिनपासून १.०३ आणि दुसऱ्यापासून १.२४ अँग्स्ट्रॉमवर सापडतो, कारण स्फटिकात दोन फ्लोरिनचे शेजारी वेगळे आहेत. खड्डा उथळ आणि रुंद असल्यामुळे बाहेरच्यांनी जरा ढकललं की प्रोटॉन सरकतो.

प्रश्न (एमएस्सी, नागपूर): हे सगळं फ्लोरिनचंच का? क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनचे असे आयन नसतात का? आणि मिक्स केले तर?

असतात ना, बायक्लोराइड, बायब्रोमाइड सगळे असतात, या सगळ्या घराण्याला बायहॅलाइड म्हणतात. पण एनएमआरवाल्यांची इथे अडचण होते. क्लोरीन आणि ब्रोमीनच्या न्यूक्लियसचा स्पिन दीड, आयोडीनचा अडीच, आणि असे न्यूक्लियस नुसते चुंबक नसतात, त्यांचा विद्युतभारही गोल नसतो, त्यामुळे ते आजूबाजूच्या विद्युत क्षेत्राच्या धक्क्यांनी इतक्या भराभर दिशा बदलतात की शेजारच्या प्रोटॉनला त्यांचं कपलिंग जाणवतच नाही. बायक्लोराइडचा प्रोटॉन एकच रेघ देतो. शिफ्टवरून कळतं की बाँड तगडा आहे, पण मधोमध आहे की नाही हे सांगणारा साक्षीदारच गप्प. बायक्लोराइडची ताकद साधारण १०० किलोज्यूलच्या घरात, तिथे आकार ठरवायचं काम इन्फ्रारेड आणि डिफ्रॅक्शनने केलं, आणि त्यात दिसलं की सोबतचा धन आयन बदलला की बायक्लोराइड कधी सममित तर कधी एकीकडे झुकलेला असतो.

मिक्स केले तर मात्र मजा येते. एका बाजूला फ्लोरिन, दुसऱ्या बाजूला क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन. आता प्रोटॉनला एकच बोलणारा शेजारी उरला, म्हणून डबलेट, आणि कपलिंग ४०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही वर. म्हणजे प्रोटॉन फ्लोरिनकडेच राहिला, जवळजवळ एचएफ म्हणूनच, आणि समोरून क्लोराइड येऊन त्याला टेकलाय. ते साहजिक आहे, एचएफ बाँड मोलमागे ५६७ किलोज्यूलचा आणि एचसीएल ४३१ चा, प्रोटॉन कशाला घर सोडेल. मार्टिन-फुजिवारांच्या कामात मला खरं सौंदर्य या मिक्स आयनमध्येच वाटतं, कारण समोरचा हॅलाइड बदलत गेलं की एकाच मापात, एकाच हर्ट्झच्या आकड्यात, ओढाताण कशी बदलते ते वाचता येतं, आणि शेवटी दोन्हीकडे फ्लोरिन आला की ४०० वरून धाडकन १२०.

१९९० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये लिंबाख यांचा गट आणि सेंट पीटर्सबर्गचे गोलुबेव्ह, देनिसोव्ह, शेंडेरोविच वगैरे मंडळी एकत्र आली आणि त्यांनी वेगळाच उद्योग केला. फ्रिजवाल्या फ्रिऑनसारख्या वायूंचं ड्यूटेरियमवालं मिश्रण घेतलं, जे उणे दीडशे सेल्सिअसच्याही खाली द्रव राहतं, आणि त्यात फ्लोराइडभोवती एक नाही तर दोन, तीन एचएफ जमवले. तेवढ्या थंडीत देवाणघेवाण थांबते आणि प्रत्येक रेघ सुटी दिसते. फ्लोराइडवर एचएफ जितके जास्त, तितका प्रत्येक बाँड कमजोर आणि प्रोटॉन आपल्या मूळ फ्लोरिनकडे जास्त परत सरकलेला, दोन एचएफ असताना कपलिंग ३५० च्या आसपास, तीन असताना ४३० च्या आसपास. वर पुण्याच्या वाचकाला दिलेले आकडे हेच. शिवाय इथे मधला फ्लोरिन आणि बाहेरचे फ्लोरिन वेगळे असल्याने फ्लोरिन-फ्लोरिन कपलिंगही थेट वाचता आलं, हायड्रोजन बाँडच्या आरपार. साध्या बायफ्लोराइडमध्ये दोन्ही फ्लोरिन जुळे असल्यामुळे ते असूनही दिसत नाही.

प्रश्न (गृहिणी, ठाणे): एनएमआर आणि दवाखान्यातलं एमआरआय एकच का हो?

तत्त्व एकच. एमआरआयमध्ये मुख्यतः शरीरातल्या पाण्याचे आणि चरबीचे प्रोटॉन बघतात आणि ते कुठे किती आहेत याचं चित्र करतात, आम्ही एका बारीक नळीत पदार्थ घालून त्याच्या प्रोटॉनची रेघ बघतो. "न्यूक्लियर" हा शब्द ऐकून पेशंट घाबरतील म्हणून दवाखान्याच्या नावातून तो गाळला असं म्हणतात. किरणोत्सर्ग दोन्हीकडे नाही.

प्रश्न (एमएस्सी, मडगाव): आमच्या डिपार्टमेंटला एनएमआर आहे. प्रोजेक्ट म्हणून बायफ्लोराइडचा ट्रिपलेट काढता येईल का? पोटॅशियम बायफ्लोराइड जड पाण्यात विरघळवून चालेल का?

जड पाण्यात काहीही दिसणार नाही, वेळ फुकट. पाण्यात फ्लोराइड आणि एचएफ दोघांनाही पाण्याचीच संगत जास्त प्रिय असते त्यामुळे बायफ्लोराइड थोडाच बनतो, आणि जो बनतो त्यातला प्रोटॉन पाण्याशी इतक्या वेगाने अदलाबदल करतो (शिवाय जड पाण्यात तो ड्यूटेरियमच होऊन बसतो) की ट्रिपलेट पुसला जातो. १२० हर्ट्झचं कपलिंग दिसायचं तर प्रोटॉनने त्याच जोडीत निदान काही शतांश सेकंद तरी टिकायला हवं. म्हणून लोक टेट्राब्यूटाइलअमोनियमसारखा मोठा धन आयन घेतात, जो सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये विरघळतो, आणि कोरडं ॲसिटोनायट्राइल वापरतात. ओलावा राहिला, एचएफ जास्त झालं, की रेघ जाड होते आणि मग तीनच्या जागी एक बुटकी टेकडी.

ज्यांनी फ्लोराइडवर काम केलंय त्यांना एक मात्र माहीत असेल, की बायफ्लोराइड काढायला गेलं नाही तरी तो आपणहून येतो. "उघडा" फ्लोराइड इतका भुकेला असतो की पाण्यातून, इतर रेणूंमधून, अगदी ॲसिटोनायट्राइलमधूनसुद्धा प्रोटॉन ओढतो आणि फ्लोरिन एनएमआरमध्ये उणे १४५ पीपीएमच्या आसपास १२० हर्ट्झचा तो ओळखीचा डबलेट उगवतो. कितीतरी जणांनी बायफ्लोराइड पहिल्यांदा असाच बघितलाय, दुसरंच काही शोधताना.

प्रोजेक्टचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, गाइड सोबत नसेल आणि एचएफची सोय नसेल तर हात लावू नका. बायफ्लोराइड काच खातो. एनएमआरची नळी काचेची, म्हणजे तुमचा सॅम्पल नळीतून सिलिकॉन आणि बोरॉन ओढून भलतीच फ्लोराइडं बनवत बसणार आणि तुम्ही त्यांचे सिग्नल शोधनिबंधात घालणार. आत टेफ्लॉनसारख्या प्लॅस्टिकची अस्तर-नळी घालतात ती यासाठी, आणि प्रोबमध्ये नळी फुटली तर होणारा खर्च डिपार्टमेंटला वर्षभर पुरेल.

प्रश्न (फार्मा कंपनीत नोकरी, ठाणे): हे सगळं सुंदर आहे, पण उपयोग काय? एका चिमुकल्या आयनवर लोकांनी इतकी वर्षं का घालवली?

तुमच्याच धंद्यात उत्तर आहे. कायमोट्रिप्सिन हे पचनाचं एन्झाइम घ्या. त्याच्या कामाच्या जागी हिस्टिडीन आणि ॲस्पार्टेट या दोन अमिनो आम्लांमध्ये एक प्रोटॉन आहे, १९७२ मध्ये रॉबिलार्ड आणि शुलमन यांनी एनएमआरवर त्याचा सिग्नल शोधला, आणि आम्लात तो १८ पीपीएमच्या आसपास निघाला. १९९४ च्या सुमारास क्लीलंड, क्रीव्हॉय, फ्रे या मंडळींनी मांडलं की असे जवळजवळ मधोमध बसलेल्या प्रोटॉनचे तगडे बाँड एन्झाइमच्या झपाट्याचं एक कारण असावेत. मग जे भांडण सुरू झालं ते बरीच वर्षं चाललं, विरोधकांचं म्हणणं की शिफ्ट मोठी म्हणजे बाँड छोटा हे ठीक, पण छोटा म्हणजे लगेच १०० किलोज्यूलचा हे कुठून आणलं? आणि या भांडणात दोन्ही बाजू मोजपट्टी म्हणून पुन्हा पुन्हा बायफ्लोराइडकडेच जातात, कारण तिथे तीनच अणू आहेत, लांबी माहीत, ऊर्जा माहीत, शिफ्ट माहीत, कपलिंग माहीत. मला स्वतःला विरोधकांची बाजू जास्त पटते, गॅसमधल्या एकट्या आयनची ताकद प्रोटीनच्या गर्दीत जशीच्या तशी उचलून नेता येत नाही. पण शिफ्ट बघून बाँडची लांबी ताडायची पद्धत आता घन पदार्थांच्या एनएमआरमध्ये रुळलीय, औषधाचा रेणू मिठात प्रोटॉन देऊन बसलाय की नुसता शेजारी आहे हे ठरवताना तुमचे लोक तीच वापरतात. आणि १९९८ मध्ये डिंगली आणि ग्रेझिएक यांनी आरएनएमध्ये हायड्रोजन बाँडच्या पलीकडच्या नायट्रोजनपर्यंत ७ हर्ट्झच्या आसपासचं कपलिंग थेट मोजलं, तेव्हापासून आरएनएच्या कुठल्या बेसची (घटकाची) जोडी कुणाशी हे अंदाजाने नाही तर रेघेवरून सांगता येतं.

प्रश्न (लाँड्री, इचलकरंजी): कापडावरचे गंजाचे डाग काढायला आम्ही जे पावडर-लिक्विड वापरतो त्याच्या डब्यावर बारीक अक्षरात अमोनियम बायफ्लोराइड लिहिलंय. तुमच्या लेखातलं तेच का हे? पोरं उघड्या हातांनी वापरतात.

तेच. पोरांना आजपासून थांबवा. फ्लोराइड लोखंडाला घट्ट धरतो म्हणून गंज निघतो, काचेवर नक्षी कोरायलाही हेच वापरतात, पण ओलं झालं की त्यातून थोडं हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं आणि ते बाकीच्या ॲसिडसारखं लगेच चटका देत नाही. पातळ असेल तर कित्येक तास काही जाणवत नाही, तोवर ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम पकडत असतं, मग नखाखाली असह्य दुखायला लागतं, आणि अंगाचा मोठा भाग भिजला तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊन जीवसुद्धा जाऊ शकतो. जाड निओप्रिन किंवा नायट्राइलचे लांब हातमोजे, डोळ्यांना गॉगल, हवा खेळती, आणि पावडर कधी काचेच्या बरणीत काढून ठेवू नका. अंगावर उडालं तर कपडा काढून लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, दुखत नसलं तरी. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल दुकानात ठेवता आलं तर ठेवा, धुतल्यावर ते चोळत राहायचं, आणि दवाखान्यात डबा सोबत न्या, डॉक्टरांना "ॲसिड पडलं" एवढंच न सांगता "फ्लोराइडचं ॲसिड" असं सांगा, कारण उपचार वेगळा आहे.